घडीच्या सायकलला घाट जड का जातो

घडीची सायकल घेऊन बेळगावातून येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघालं की गावापर्यंत सगळं सुरळीत चालतं. गडाचा चढ सुरू झाला की सगळ्यात हलका गिअर टाकूनही पायडल फिरत नाही आणि बहुतेक जण उतरून सायकल ढकलू लागतात. मग कुणी म्हणतं चाक लहान आहे म्हणून, कुणी म्हणतं सवय नाही म्हणून. दोन्ही कारणं चुकीची आहेत. खरा दोष साखळीच्या चक्रांवरच्या दात्यांच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब दीडशे वर्षांपासून चालत आलेला आहे.

साखळी येण्याआधी सायकलचं पुढचं चाक प्रचंड असे आणि पायडल थेट त्या चाकालाच जोडलेलं असे. चाक जेवढं मोठं, तेवढा एका फेऱ्यात जास्त पल्ला. पण पाय पुरतील त्यापेक्षा चाक मोठं करता येत नव्हतं, म्हणून ते 50-60 इंचांवर थांबलं. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत साखळीची ‘रोव्हर’ काढली आणि चाकाच्या आकाराचं बंधन सुटलं. मोजण्याची रीत मात्र तीच राहिली. पायडलजवळच्या पुढच्या चक्राचे, म्हणजे चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चाकावरच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. येणारा आकडा म्हणजे तेवढ्या इंचांचं जुनं मोठं चाक. आकडा जितका मोठा, तितकं पायडल जड.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला हा हिशोब लावून पाहा. 28 इंची चाक, पुढे 48, मागे 18 असा जोड बऱ्याच सायकलींना असे. उत्तर येतं 75 इंच. एकच गिअर, तोही सपाटीचा. दुधाचे कॅन लावून खेड्यातून शहरात येणारी माणसं याच गिअरवर आयुष्यभर सायकल मारत आली आणि चढ आला की मुकाट्याने उतरत आली.

आता घडीची सायकल घेऊ. 20 इंची चाक, पुढे 52, मागे 14 ते 28 असे सात गिअर, हा जोड या सायकलींत सर्रास दिसतो. सगळ्यात जड गिअर होतो 74 इंच, म्हणजे जवळपास काळ्या सायकलचा तो एकमेव गिअर. सगळ्यात हलका येतो 37 इंचांवर. सात गिअर मोजायला भरपूर वाटतात, पण चढासाठी राखलेला त्यात एकही नाही.

असं का झालं? लहान चाकाच्या आधुनिक सायकलींची सुरुवात झाली 1962 मध्ये, अलेक्स मोल्टन यांच्या 16 इंची सायकलपासून. ती घडीची नव्हती, पण लहान चाकही पळू शकतं हे तिने दाखवून दिलं. 1970 च्या दशकात अँड्र्यू रिची यांनी लंडनमध्ये ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलचा आराखडा केला. 1982 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हॉन यांनी घडीच्या सायकलींची डाहोन कंपनी काढली. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शहरातला माणूस होता, स्टेशनवर उतरून सपाट रस्त्याने कचेरी गाठणारा. लहान चाक हळू पळेल ही गिऱ्हाइकाची भीती घालवायची, म्हणून पुढचं चेनव्हील मोठं केलं गेलं. त्या गिऱ्हाइकासाठी ते बरोबरच होतं. तिथल्या डोंगराळ भागांतूनही ओरड झालीच, आणि ब्रॉम्प्टनने 50 ऐवजी 44 दात्यांचं चेनव्हील देऊ केलं, म्हणजे प्रत्येक गिअर 12 टक्के हलका. चढासाठी दाते बदलणं हा काही हौशी खटाटोप नव्हे, खुद्द कारखान्यानेच ती वाट मान्य केलेली आहे.

हलक्या गिअरबद्दल सायकलवाल्यांच्या मनात जी अढी आहे, ती याहूनही जुनी. फ्रान्समधल्या सेंत एतिएनचे पॉल द विवी (1853-1930) ‘वेलोसिओ’ या नावाने लिहीत आणि डोंगरात फिरणाऱ्या साध्या माणसाला बदलते गिअर हवेतच, असं आयुष्यभर सांगत राहिले. दुसऱ्या बाजूला ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचे जनक आंरी देग्रांज. त्यांच्या लेखी गिअर बदलणं म्हणजे कमकुवतपणा. 1910 मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या तूरमाले खिंडीतून गेली, तेव्हा स्पर्धक मागचं चाक काढून उलटं बसवत, कारण त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असत. साखळी सरकवणाऱ्या गिअरला तिथे परवानगी मिळाली थेट 1937 मध्ये. इंग्लंडमध्ये मात्र स्टर्मी-आर्चर कंपनीचा, चाकाच्या मधोमध बसणारा तीन गिअरचा हब 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच साध्या सायकलींत बसू लागला होता. माझं मत विचाराल तर या वादात वेलोसिओच पूर्णपणे बरोबर होते, आणि आपल्या भागाला तर त्यांचंच म्हणणं लागू पडतं.

बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. हिंडलगा, शिनोळीवरून चंदगड तालुक्यातून आंबोली, किंवा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला. दोन्हीकडे जाताना कोकणात उतरायचं आणि येताना, थकलेल्या पायांनी, चढून यायचं. आंबोलीचा रस्ता इंग्रजांनी वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावची छावणी जोडायला केला. जुने घाटरस्ते बैलगाडी चढेल अशा बेताने आखले जात, त्यामुळे तिथला चढ लांब असला तरी समजूतदार आहे. तिलारीचा घाट तसा नाही, तिथे सायकलची खरी परीक्षा होते.

सहा टक्के चढ धरा आणि माणूस, सायकल, सामान मिळून 88 किलो. 37 इंचांच्या गिअरवर मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग पडतो जवळपास 11 किलोमीटर, आणि त्यासाठी पायांतून दीडशे वॉटहून जास्त ताकद सतत यावी लागते. सरावाच्या माणसालाच ते तासभर झेपतं. पुढे 38 आणि मागे 34 दाते केले की गिअर येतो 22 इंचांवर, वेग सहा-साडेसहा किलोमीटर आणि ताकद शंभर वॉटच्या आसपास. एवढ्यावर चाळिशी ओलांडलेला माणूसही बोलत बोलत चढतो.

बदल करताना आधी पुढचं चेनव्हील घ्यावं. काही क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, ते पाच बोल्टवर बसलेलं असतं. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर असेल तर 38 पेक्षा कमी दाते बसत नाहीत, 110 असेल तर 34 पर्यंत जाता येतं. स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला रिव्हेटने ठोकलेलं असतं, तिथे अख्खा क्रँक बदलणंच बरं. 52 वरून 38 वर आलं की साखळी सैल पडते. चेनव्हीलला तिचा अर्धाच वेढा असतो, म्हणून 14 दात्यांचा फरक म्हणजे साधारण सात कड्या. कड्या जोडीने काढाव्या लागतात, त्यामुळे आधी सहा काढून पाहावं. चेनव्हीलवरची साखळी झाकणारी जुनी जाळी 52 च्या मापाची असते, तीही बदलावी, नाहीतर साखळी उतरून मध्ये अडकते.

मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, आट्यांवर बसतं आणि प्रत्येक चढाला जास्तच घट्ट होत जातं. चाक हातात धरून पान्याने ते सुटत नाही. काढायचं टूल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, पकडायचं, त्यावर चाक बसवायचं आणि दोन्ही हातांनी रिम डावीकडे फिरवायची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये दणकट व्हाइस असतो, तिथे हे मिनिटाचं काम आहे. 34 दाते पेलणारा, साखळी सरकवणारा मागचा गिअर लांब पट्टीचा लागतो, आणि 20 इंची चाकात ती पट्टी जमिनीच्या फार जवळ येते. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचे दगड तिला लागतात. म्हणून मी आधी फक्त पुढचं चेनव्हील बदलायला सांगतो. 38 आणि 28 वर 27 इंच मिळतात, आणि येळ्ळूर, वैजनाथ, आंबोली यांच्या चढांना बहुतेकांना तेवढे पुरतात.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते. 38 आणि 14 वर सगळ्यात जड गिअर 54 इंचांचा उरतो, मिनिटाला 90 फेरे मारले तरी वेग 23 किलोमीटरपुढे जात नाही. खानापूरच्या रस्त्याला रोज जोरात जाणाऱ्याने 42 वर थांबावं आणि मागे 34 घ्यावेत. हलका गिअर 25 इंचांचा राहतो, जड 60 चा.