रेसिडेन्सी नव्हे, ते रिट्रीट आहे

परदेशात आठवडाभर चित्रं काढायला किंवा मातीकाम शिकायला गेलेली मंडळी परत आली की ‘रेसिडेन्सी करून आलो’ असं बिनदिक्कत सांगतात. यात अर्धा दोष माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांचा. सहलीला जरा वजन यावं म्हणून तेही हाच शब्द ठोकून देतात, आणि मग खरी रेसिडेन्सी मिळालेला माणूस तिथे पोचल्यावर विचारतो, ‘शिकवायला कोण आहे?’

रिट्रीट तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवणारा एक कलाकार, ठरलेला विषय, छोटा गट, राहणं-जेवण फीमध्ये धरलेलं. पैसे भरले, जागा पक्की.

रेसिडेन्सीत संस्था कलाकाराला ठरावीक काळ राहायला खोली आणि कामाला स्टुडिओ देते, आणि बाजूला होते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोची मॅकडॉवेल ही १९०७ साली सुरू झालेली संस्था म्हणजे याचा अस्सल नमुना. निवड झालेल्यांकडून फी घेत नाहीत. दुपारचं जेवणसुद्धा टोपलीत भरून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, कामात खंड नको म्हणून. त्या टोपलीबरोबर गुरुजी मात्र येत नाहीत.

आता लोक फरक कशावरून ओळखायला जातात ते बघा. पैशांवरून? कित्येक रेसिडेन्सी रीतसर भाडं घेतात. निवडीवरून? काही उन्हाळी अकादम्या साध्या कोर्ससाठीही कामाचे नमुने मागतात. मुक्काम किती दिवसांचा यावरूनही काही ठरत नाही. सगळ्यात डोक्यात जाणारा समज म्हणजे रिट्रीट नवशिक्यांसाठी आणि रेसिडेन्सी मुरलेल्यांसाठी. आयुष्यभर तैलरंगात काम केलेला चित्रकार निळीने कापड रंगवायला शिकायचं म्हणून रिट्रीटला गेला, तर त्यात कमीपणा कसला?

खरी खूण एकच: सकाळी स्टुडिओत गेल्यावर काय करायचं, हे कोण ठरवतं?

जलरंगाच्या रिट्रीटमधली एक सकाळ घ्या. बोर्ड किंचित तिरका ठेवलेला, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, हळूहळू खाली सरकतोय, खालच्या कडेला रंगीत पाणी साठतंय. शिकवणारी ते पिळून घेतलेल्या ब्रशने टिपते आणि सगळ्यांना वाकून कागद तिरपा बघायला लावते. चमक आहे अजून? कागद चमकतोय तोवर दुसरा रंग सोडला की मऊ पसरतो. चमक ओसरली, कागद नुसता दमट राहिला आणि त्याच वेळी पाणीदार ब्रश टेकला, की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटलाच. ही वेळ पुस्तकात वाचून कळत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी ‘आता!’ म्हणावं लागतं. रिट्रीटची फी आपण त्या ‘आता’साठी भरतो, डोंगर-दऱ्यांच्या फोटोंसाठी नव्हे.

मातीकामात तर वेळापत्रक थेट भट्टीच्या हातात. भांडं सावकाश वाळायला हवं, मग साधारण १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, मग भट्टी थंड होणं, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, पुन्हा भाजणी. आठवड्यात हे बसवायचं तर भांडी पहिल्या दोन-तीन दिवसांतच घडवून व्हायला हवीत, आणि शिकवणारा तसं बजावतोही. रेसिडेन्सीत असं कोणी बजावत नाही. तुम्ही आठवडाभर ग्लेझच्या नुसत्या चाचण्या घेतल्यात किंवा अर्धं झालेलं काम मोडून नव्याने सुरू केलंत, तरी कोणी हिशेब मागणार नाही. कामातून काय शोधायचं हा प्रश्न तुमचा, तो घरून घेऊन जायचा असतो.

म्हणून चुकीच्या ठिकाणी गेलेला माणूस लगेच ओळखू येतो. स्वतःची अर्धवट चित्रमालिका घेऊन रिट्रीटला आलेला प्रत्येक प्रात्यक्षिकाला चुळबुळ करतो आणि संध्याकाळी टेबल आवरायला सांगितलं की चिडतो. प्रश्न न घेता रेसिडेन्सीला गेलेला तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसतो आणि चौथ्या दिवशी संग्रहालयं बघत फिरायला लागतो.

घोळ वाढतो तो दोन्ही गोष्टी एकाच छताखाली चालतात तेव्हा. अमेरिकेतल्या मेन राज्यात डिअर आयलवर असलेल्या हेस्टॅक या हस्तकला शाळेत वर्कशॉप्सही होतात आणि ओपन स्टुडिओ रेसिडेन्सीही. आवार तेच, समुद्र तोच. तेव्हा नुसतं ‘हेस्टॅकला जातोय’ म्हणून भागत नाही. कशासाठी, ते सांगा.

माझं मत विचाराल तर माध्यम नवीन असेल तर मुकाट्याने रिट्रीट घ्या, आणि एकाच तंत्राचं घ्या. सहा दिवसांत जलरंग, छापचित्रं, माती, योग आणि वर वाइनची चव असा बेत असेल, तर ते लांबूनच बरं. पैसे भरण्याआधी तासवार वेळापत्रक मागा आणि रात्री स्टुडिओ उघडा असतो का, हे विचारा. रेसिडेन्सीला विचारायचे प्रश्न वेगळे: भट्टी कोण लावतं, तिचे पैसे वेगळे का, हवा खेळती आहे का, टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं द्रावण) चालतं का. टर्पेंटाइन विमानात कुठल्याच सामानात नेता येत नाही, त्यामुळे ते दोन्हीकडे तिथेच घ्यायचं.

सीव्हीत रिट्रीट ‘वर्कशॉप’खाली, शिकवणाऱ्याच्या नावासकट लिहा. चांगल्या शिक्षकाचं नाव तिथे शोभून दिसतं. तेच रेसिडेन्सीखाली सरकवलंत, तर निवड समितीत बसलेल्यांना ती संस्था बहुधा माहीत असते.

व्हिसाचं थोडक्यात. आठवड्याच्या रिट्रीटला दिवस मोजायची वेळ येत नाही, रेसिडेन्सीला येते. मानधन मिळणार असेल तर व्हिसाचा प्रकारच बदलू शकतो, तेव्हा यजमान संस्थेला लेखी विचारा. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारे देश) अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर अशी ‘तीन महिन्यांची’ रेसिडेन्सी मोजून बघा: ९२ दिवस भरतात.