‘डर’ परत बघितला, आणि मामाची गरी

जूनमध्ये मालवणला मामाकडे गेलेलो, पाऊस असा की दोन दिवस बाहेर पाय टाकता येईना, आणि लाईट आली तेव्हा टीव्हीवर नेमका ‘डर’ लागलेला. यश चोप्रांचा, १९९३ चा. लहानपणी त्यातला किरण नावाच्या मुलीच्या मागे लागलेला राहुल, म्हणजे शाहरुख, जाम भारी वाटलेला आणि सनी देओल उगाच मध्ये कडमडणारा. आता बघताना पोटात गोळा आला. मामी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "तेका येक थोबाडीत देवक होयी."

खरंय, पण किरण एकदाही हो म्हणत नाही तरी राहुलचं डोकं थंड का होत नाही, उलट चढतच का जातं?

२००५ साली हेलन फिशर, आर्थर एरन, लुसी ब्राउन वगैरे संशोधक मंडळींनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या माणसाचा फोटो दाखवला, तर मेंदूत खोलवर जिथून डोपामीन नावाचं रसायन निघतं तो भाग कामाला लागलेला दिसला. मग २०१० मध्ये नकार मिळालेले १५ जण घेतले. वाटेल की इथे सगळं शांत असेल, पण तो भाग चालूच होता, वर कोकेनच्या तलफेशी जोडलेले काही भागही जागे. डोपामीनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते मला नाही पटत, ते जास्त करून ‘पायजे, पायजे’चं रसायन आहे. मिळाल्याचा आनंद वेगळा.

आता मामाचं बघा. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, तरी हा छत्री घेऊन खाडीच्या कडेला गरी टाकून बसतो, दोरी बोटावर. दरवेळी मासा लागला असता तर कंटाळला असता, कधीच नसता लागला तर उठला असता, पण मध्येच बोटाला एक झटका बसतो, कधी शेंगटी, कधी नुसताच कचरा, आणि त्या एका झटक्यावर अजून दोन तास जातात. माकडांवरच्या २००३ च्या प्रयोगात हेच निघालं, ज्यूस मिळायचे चान्स निम्मे-निम्मे असताना वाट बघण्याच्या वेळात डोपामीनच्या पेशी सगळ्यात जास्त चेकाळलेल्या होत्या. किरण फोन उचलते, घाबरून कोण बोलतंय विचारते. आपल्याला तिची भीती दिसते, त्याला फक्त दोरी हललेली कळते.

अर्थात हे अभ्यास छोटे आहेत, आणि नकार पचवून कामाला लागणारे लोक ढिगाने असतात, सगळे काय राहुलसारखं छातीवर नाव कोरत नाहीत. राहुल तर मेलेल्या आईशी फोनवर बोलतो, तिथे नुसतं डोपामीन पुरत नाही. समोरचा माणूस आपल्यावरच प्रेम करतो अशी पक्की समजूत होण्याच्या आजारावर क्लेरांबो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९२१ मध्येच लिहून ठेवलंय, पण राहुल त्यातही नीट बसत नाही, कारण गाण्यात तो उघड सांगतो की तू हो म्हण नाहीतर नाही, मला फरक पडत नाही. आणि आपण त्यावर शिट्ट्या मारल्या! पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात यायला २०१३ उजाडलं.

पिक्चर आला तेव्हा वाडीतली आम्ही चार-पाच पोरं गडग्याआडून एका मुलीला राहुलच्या ‘क-क-क-किरण’सारखं ‘क-क-क’ करायचो, तिचं नाव क वरून पण नव्हतं. थोड्या दिवसांनी ती पाणंदीतून यायची बंद झाली, मळ्यातून फिरून जायला लागली, चिखलातून, चपला हातात घेऊन. आम्हाला वाटलं, लाजली.