तैपेई ते शांघाय: ६८० किलोमीटर आणि हाँगकाँगचा वळसा

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर तैपेई-शांघाय अंतर साधारण ६८० किलोमीटर भरतं, म्हणजे जवळपास मुंबई-नागपूर एवढंच. तरी कित्येक वर्षं या प्रवासात अख्खा दिवस मोडायचा. आधी नैर्ऋत्येला हाँगकाँग गाठा, विमान बदला, मग तिथून उत्तरेला निघा. दोन्ही टप्पे मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर.

१९४९ ला यादवी युद्धात कम्युनिस्टांनी चीनची मुख्य भूमी जिंकली, हरलेलं सरकार तैवानला गेलं आणि दोन्हीकडची वाहतूक तुटली. १९८७ च्या अखेरीस तैवानने लोकांना मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना भेटायला जाऊ दिलं आणि तेव्हापासून हा वळसा खरा जाचायला लागला. मागोमाग तैवानी कारखानदारही शांघायच्या आसपास जाऊन बसले. १९९५ मध्ये मकाऊला विमानतळ झाला, तेव्हा एक शक्कल निघाली. विमान तेच, मकाऊत फक्त उड्डाण क्रमांक बदलायचा. कागदावर प्रवास दोन झाले की सगळ्यांचंच समाधान.

खरा घोळ आहे तो ‘थेट’ या शब्दाचा. मधे न थांबणाऱ्या विमानाला आपण सर्रास थेट म्हणतो. इथे तेवढ्याने भागत नव्हतं. २००३ च्या चिनी नववर्षाला तैवानी विमानं खास फेऱ्यांवर शांघायला गेली, पण वाटेत हाँगकाँग किंवा मकाऊला उतरून. २००५ मध्ये दोन्ही बाजूंची विमानं निघाली आणि उतरायची अटही गेली, तरी हाँगकाँगच्या हवाई हद्दीला शिवून यावंच लागे. शिवाशिवीच्या खेळात खांबाला हात लावून परत फिरावं, तसं. जुलै २००८ मध्ये शनिवार-रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या, बातम्यांत ‘थेट विमानसेवा’ असे मथळे झळकले, आणि विमानं मात्र हाँगकाँगवरूनच जात राहिली. समोरून येणारं विमान प्रवासी की लष्करी, हे ओळखायला वेळ मिळावा, हा तैवानचा सुरक्षेचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण जादा इंधनाचा आणि तासाभराहून अधिक वेळेचा भुर्दंड पडला तो प्रवाशांवर.

१५ डिसेंबर २००८ ला चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीच्या उत्तरेकडून, पूर्व चिनी समुद्रावरून सरळ मार्ग खुला झाला आणि हवेतला वेळ ८० मिनिटांच्या आसपास आला. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस नियमित वेळापत्रक लागलं. जून २०१० पासून तर दोन्ही शहरांचे जुने, गावाजवळचे विमानतळ, सोंगशान आणि होंगछ्याओ, एकमेकांना जोडले गेले. वेळापत्रकात आज पावणेदोन-दोन तास दिसतात, कारण जमिनीवर रांगत जाण्याचा वेळही त्यात धरतात.

हा प्रवास देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, हे मात्र कुणी ठरवलंच नाही. दोन्ही बाजूंच्या विमानसेवेच्या करारात ‘दोन किनाऱ्यांमधला मार्ग’ अशी पळवाट आहे. चिनी विमानतळावर पाटी असते ‘आंतरराष्ट्रीय आणि हाँगकाँग-मकाऊ-तैवान’ अशी, आणि तैवानी प्रवासी तिथे पासपोर्टऐवजी चीननेच दिलेला वेगळा परवाना पुढे करतो.

अलीकडचा वाद एम-५०३ या हवाई मार्गाचा. चीनने २०१५ मध्ये तो सामुद्रधुनीच्या मधोमध कल्पिलेल्या, दोन्ही बाजू वेगळ्या करणाऱ्या मध्यरेषेला खेटून आखला. तैवानने हरकत घेतल्यावर सहा सागरी मैल पश्चिमेला सरकवला आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून ती सवलतही काढून घेतली. त्यावर तैवानने पुन्हा निषेध नोंदवला.