आकाशाचा निळा रंग समुद्राकडून उसना घेतलेला नाही

समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून आकाश निळं दिसतं, असं मुंबईत अजूनही मुलांना सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. पाऊस सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी गिरगाव चौपाटीवर उभं राहून बघा: समोरचं पाणी मातकट, वरचं आकाश मात्र लख्ख निळं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरातही ते तसंच असतं.

कारण हवेतच आहे. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू तो चहूकडे विखुरतात, आणि तरंगलांबी (प्रकाशलहरीच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर) जितकी कमी तितकं हे विखुरणं झपाट्याने वाढतं. १८७१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं. त्यानुसार ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या जवळजवळ सहापट विखुरतो. म्हणून मान कुठेही वर करा, निळाच डोळ्यांत येतो. जांभळा त्याहून जास्त विखुरतो, हे खरं. पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपल्या डोळ्यांनाही कमी जाणवतो.

उलटी समजूतही तपासायला हवी. समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब, असं खुद्द रॅले यांचं मत होतं. ते खोडणारं टिपण सी. व्ही. रामन यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये 'नारकुंडा' बोटीवर, मुंबई बंदरात लिहिलं. मुंबईकरांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. रामन यांनी निकोल प्रिझमने, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे जाऊ देणाऱ्या स्फटिकाने, पृष्ठभागावरचं परावर्तन गाळलं, तरी खोल समुद्राचं पाणी निळंच राहिलं.