हवागळती व कक्षदाब, हौशी बांधणीच्या विमानांतील

हौशी बांधणीचे, म्हणजे कारखान्यात न बनता कुणी स्वतः बांधलेले, लहान विमान उडत असताना त्याच्या कक्षातील (माणसे बसतात त्या जागेतील) हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा किती कमी वा अधिक राहतो आणि सांध्यांतील फटींतून हवा कोणत्या दिशेने वाहते, या परस्परांत गुंतलेल्या दोन बाबींचा विचार या नोंदीत केला आहे. अशा विमानांचे बहुतेक कक्ष दाबयुक्त, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम अधिक राखलेले, नसतात. त्यामुळे कक्षातील दाब बाहेरच्या दाबाइतकाच असणार, असे सहज गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही.

दाबयुक्त कक्षाचा आरंभ कोणत्या विमानापासून मानावा, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लष्कराच्या यूएसडी-9ए या विमानात वैमानिक बसतो त्या जागी हवाबंद कोठी बसवून हॅरल्ड हॅरिस यांनी 1921 मध्ये उड्डाण केले, म्हणून काही अभ्यासक तेच पहिले मानतात. जर्मनीचे युंकर्स जेयू 49 (1931) हे मुळातच अतिउंचीवरील संशोधनासाठी बांधलेले होते. लॉकहीड एक्ससी-35 (1937) मध्ये मात्र विमानाचा सांगाडाच अंतर्गत दाब पेलेल असा रचला होता. कोठी बसवणे आणि सांगाडा दाबक्षम करणे या भिन्न गोष्टी असल्याने, आजच्या अर्थाने एक्ससी-35 ला आद्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गळतीच्या इतिहासात विमानाइतकेच महत्त्व स्विस भौतिकशास्त्रज्ञ ओग्यूस्त पिकार यांच्या बलूनला द्यावे लागते. 27 मे 1931 रोजी आउग्सबुर्गहून निघालेल्या त्यांच्या ॲल्युमिनियमच्या हवाबंद गोलात उड्डाणाच्या प्रारंभीच गळती आढळली. ती व्हॅसलिन व ताग यांच्या लगद्याने बुजवण्यात आली आणि बलून 15,781 मी. उंचीवर पोहोचला.

दाबयुक्त कक्षातून हवा बाहेर निसटते; दाबरहित विमानात गळतीचे स्वरूप वेगळे असते, तेथे हवा बाहेरून आतही शिरते. पुढील काचेवरून व फुगीर छत्रीवरून (कक्षावरील पारदर्शक झाकणावरून) हवा वेगाने वाहते तेव्हा छत्रीच्या माथ्यावर व मागील उतारावर दाब घटतो आणि छत्रीच्या कडेच्या फटींतून कक्षातील हवा बाहेर ओढली जाते. ही तूट भरून काढण्यासाठी शेपटीकडील पोकळीतून, एलिव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील पट्टीच्या) दांड्यांच्या छिद्रांतून आणि पंखांच्या मुळाशी एलेरॉनचे (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरील पट्ट्यांचे) दांडे जेथून आत येतात तेथून हवा शिरते. मागच्या आसनावरील प्रवाशाच्या मानेला थंडगार झोत लागतो, तो बहुधा याच वाटेने आलेला असतो. समजा, 8,000 फूट उंचीवर विमानाचा खरा वेग 160 नॉट आहे. तेथे गतिज दाब, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणारा दाब, सुमारे 33 हेक्टोपास्कल भरतो. कक्षातील तूट याच्या केवळ एकदशांश असली तरी ती 3 हेक्टोपास्कलहून अधिक होते, आणि तेवढ्याने उंचीमापकात शंभर फुटांहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणूनच कक्षातील पर्यायी स्थिरदाब वाट (बाहेरचा दाब मोजणाऱ्या उपकरणांना बाहेरच्याऐवजी कक्षातील हवा देणारी वाट) उघडली की उंचीमापक व वेगमापक दोन्ही सहसा वाढीव आकडे दाखवतात.

थंडीपेक्षा गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. इंजिनाचा धूर पोटाखालून मागे जातो आणि शोषणाच्या दिशेत असलेल्या छिद्रांतून पुन्हा आत येऊ शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून हीमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. अमेरिकी प्रमाणित विमानांच्या नियमांत त्याची मर्यादा वीस हजारांत एक भाग अशी होती. हौशी बांधणीच्या विमानांना ते निकष बंधनकारक नसल्याने जबाबदारी बांधणाऱ्यावरच येते. केवळ छत्रीची कड रबरी पट्टीने बंद करून समाधान मानू नये. आधी शेपटीकडील पडदा आणि दांड्यांवरील चामडी वा कापडी बूट (दांडा जेथून जातो ते छिद्र झाकणारी आवरणे) घट्ट करावेत आणि मग हवा बाहेर जाण्याची वाट ठरवून ठेवावी. बाहेरची वाट नसेल तर पुढची झडप उघडूनही ताजी हवा पुरेशी येत नाही.

जमिनीवर गळती शोधण्याची रूढ पद्धत सोपी आहे. हवेच्या झडपेत ब्लोअरचे नळकांडे चिकटपट्टीने बसवून कक्षात किंचित दाब निर्माण करतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावतात. जेथे बुडबुडे फुगतात तेथे फट असते. मात्र या चाचणीतून उड्डाणातील प्रवाहाची दिशा समजत नाही. ती पाहण्यासाठी आतील कडांवर लोकरीचे धागे चिकटवतात, तर तूट मोजण्यासाठी पाण्याच्या यू-नळीचे एक टोक स्थिरदाब नळीला जोडून दुसरे कक्षात मोकळे ठेवतात. पाण्याच्या पातळीतील 1 सेंमी. फरक सुमारे 1 हेक्टोपास्कल दाखवतो.

दाबयुक्त संच-विमाने (तयार भागांचा संच घेऊन बांधायची विमाने) थोडी आहेत. लँकेअर आयव्ही-पी हे त्यांतील परिचित उदाहरण. त्यात टर्बोचार्जरची (इंजिनासाठी हवा दाबणाऱ्या यंत्राची) हवा कक्षात सोडली जाते व निर्गम झडप, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, दाब राखते. सुमारे 5 पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे 345 हेक्टोपास्कल, इतक्या दाबफरकाने 25,000 फुटांवर कक्षाची उंची, म्हणजे आतला दाब ज्या उंचीवरील दाबाइतका असतो ती, साधारण 9,000 फूट राहते; परंतु एक दशांश चौरस मीटर काचेवर साडेतीनशे किलोग्रॅम भाराइतका रेटा येतो. येथे गळती बाहेरच्या दिशेने असते आणि पुरवठ्यापेक्षा ती वाढली की कक्षदाब उतरू लागतो.

हौशी बांधणीचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मुंबईच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान; ते 2016 मध्ये प्रदर्शित झाले व 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली.