शाळाबाह्य व दिव्यांग मुलांचे समावेशित शिक्षण (खान्देश)

शाळेत नाव नसलेली, नाव असूनही वर्गात न दिसणारी आणि दिव्यांग मुले गावातल्या नेहमीच्या शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकावीत, यासाठी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत चालणारे काम. त्याला दोन कायद्यांचा आधार आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

२०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण मध्ये नाला असला की पावसाळ्यात तेवढे अंतरही चालवत नाही. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाचा तर प्रश्नच नको. शाळेच्या दाराशी रॅम्प असतो, दारापर्यंत पोहोचायला वाट नसते.

गळतीचे मोठे कारण हंगामी स्थलांतर. दिवाळीनंतर सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. चाळीसगावकडील बंजारा तांड्यांतूनही टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता (ऊसतोडीतले मजुरीचे एकक) धरला जातो आणि धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर नेली जाते. शाळाबाह्य मुलांची गणती कोणत्या महिन्यात होते याला म्हणूनच फार महत्त्व आहे. राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात सर्वेक्षण केले. जुलै हा पेरणीचा काळ. घरचे घरीच असतात आणि पटावरचे मूल वर्गात सापडते. तोच वर्ग जानेवारीत अर्धा रिकामा असतो. सलग महिनाभर गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य धरायचे, ही व्याख्या मनावर घेतली तर खान्देशात मोजणी हिवाळ्यात व्हायला हवी. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला कुटुंबे परततात, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते.

यावर दोन उपाय रुळले आहेत. आजी-आजोबांकडे मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, आणि बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड. कार्ड दाखवले की तिकडच्या शाळेने दाखल्यावाचून मुलाला बसवून घ्यायचे असते. राज्यात हे बऱ्यापैकी चालते, पण गुजरातेत कार्डापुढे गुजराती माध्यमाची शाळा उभी राहते. पावरी बोलणारे, मराठी जेमतेम गिरवू लागलेले मूल तिथे तिसऱ्या भाषेपुढे गप्प बसते.

भाषेचा हा गुंता दिव्यांगत्व ओळखतानाही आडवा येतो. पहिलीतले मूल गुरुजींच्या मराठी प्रश्नाला उत्तर देत नाही, म्हणून ‘मंद’ ठरते. खरोखर कमी ऐकू येणारे मूल मात्र ‘याला आपली भाषा येत नाही’ म्हणून वर्षभर तपासणीविना राहते. उपाय अवघड नाही. मुलाच्या पाठीमागे उभे राहून पावरी, मावची किंवा अहिराणीत, ज्याची जी बोली असेल तीत, हळू हाक मारायची आणि ते वळते का पाहायचे. एवढ्याने निदान होत नाही, पण कोणाला आधी तपासणीला न्यायचे ते कळते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागाचा खास प्रश्न. २०१६च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तो आहे, तरी अंग दुखून वरचेवर घरी राहणारे मूल दिव्यांग असू शकते हे अनेक शाळांच्या ध्यानीमनी नसते. हजेरीपटावर ते कामचुकार ठरते. त्याला गरज असते ती पाण्याची बाटली हाताशी ठेवण्याची, थंडीत उघड्यावर न बसवण्याची आणि बुडालेला अभ्यास नंतर करून घेण्याची.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. मदतनीस व प्रवास भत्ते, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या समग्र शिक्षा योजनेतून मिळतात. मात्र त्यांतल्या बहुतेकांसाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी घाट उतरून जिल्हा रुग्णालय गाठावे लागते; मजुरी बुडवून केलेली ही खेप एकदाच जमते. तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो पालकांनी निवडायचा आहे. शाळा तो परस्पर ठरवू शकत नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलाचे नावही शाळेच्या पटावरच राहते.