२८ इंचांचे माप आणि लांब हातांचा तिरंदाज

पारंपरिक रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याच्या खालच्या लिम्बवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या पात्यावर, आतल्या बाजूला, बारीक अक्षरांत बहुधा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. धनुष्याची लांबी, त्याची ताकद, आणि ती ताकद किती खेचीला, म्हणजे दोरी किती मागे ओढून, मोजली तो आकडा. हा तिसरा आकडा जवळपास नेहमी २८ इंच असतो. ज्याची खेच ३१ इंच आहे त्या उंच तिरंदाजाची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. दर इंचाला दोन-अडीच पाउंड वाढतात, त्यामुळे ४५ पाउंडांचे म्हणून घेतलेले धनुष्य त्याच्या हातात ५२ पाउंडांच्या आसपास जाते. त्यात ते लांबीला आखूड असेल, तर शेवटच्या दोन इंचांत दोरी खुंटीला बांधल्यासारखी अडते.

हे २८ इंच काही माणसाच्या शरीरातून आलेले नाहीत. एएमओ या अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने तुलनेसाठी धरलेले ते माप. मोजायची रीतही जरा आडवळणाची आहे: बाण दोरीत अडकतो तिथपासून मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे अंतर, अधिक पावणेदोन इंच. म्हणजे ‘२८’ लिहिले असले तरी दोरी मुठीपासून सव्वासव्वीस इंचच मागे आलेली असते. धनुष्याची ‘६० इंच’ लांबीही अशीच. त्याला योग्य बसणाऱ्या दोरीची लांबी अधिक तीन इंच. आपली खेच सांगताना कोणत्या रीतीने मोजली हे सांगितले नाही, तर दोन इंचांचा घोळ सहज होतो.

दोरी अडते त्याला तिरंदाज ‘स्टॅकिंग’ म्हणतात. दोरी मागे येते तसा तिचा आणि लिम्बच्या टोकाचा कोन वाढतो. तो ९० अंशांकडे सरकला की लिम्ब वाकवण्यापेक्षा लांबवण्याकडेच जोर जाऊ लागतो, आणि पुढचा प्रत्येक इंच महाग पडतो. धनुष्य जितके आखूड, तितका हा कोन लवकर गाठला जातो.

नुसत्या लाकडाच्या काळात हा प्रश्न लांबी देऊनच सुटे. लाकूड ठरावीक मर्यादेपलीकडे ताणले की तुटते, म्हणून धनुष्य खेचीच्या दुपटीहून जास्त लांब ठेवावे असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेली यू लाकडाची धनुष्ये साधारण १.८७ ते २.११ मीटर लांबीची आहेत. त्यांच्यासोबतचे बहुतेक बाण ३० इंचांच्या आसपासच्या खेचीचे. आजच्या दुकानातली ‘लांब खेच’ त्या नौकेवरच्या सैनिकाला रोजचीच होती.

घोड्यावर बसणाऱ्यांना दोन मीटरचे धनुष्य परवडणारे नव्हते. आशियाई कारागिरांनी पोटाला (तिरंदाजाकडच्या बाजूला) शिंग, मध्ये लाकूड आणि पाठीवर (बाहेरच्या बाजूला) जनावरांच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या बंधांचे, तंतू असे थर सरसाने चिकटवले. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात; त्यामुळे आखूड धनुष्यही भरपूर वाकते. टोकांना त्यांनी न वाकणारे, पुढे कललेले कान दिले. हे कान तरफेसारखे काम करतात आणि दोरीचा कोन उशिरापर्यंत ताब्यात ठेवतात. मांचू धनुष्यात तर हे कान चांगले लांब, धनुष्यही मोठे आणि बाण जवळपास मीटरभराचे. मुळात लांब खेचीसाठीच घडवलेले हत्यार.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तुर्क, मंगोल, मांचू हे सगळे अंगठ्यात कडे घालून दोरी ओढत. एकाच अंगठ्याने ओढताना दोरीचा कोन तीव्र झाला तरी चिमटायला शेजारी बोटे नसतात. तीन बोटांनी ओढणाऱ्याची मात्र आखूड धनुष्यात बोटे कळवळतात. आकार एका परंपरेचा आणि ओढायची रीत दुसरीची, असे झाले की ही अडचण येणारच.

सर्वांत सरळ उत्तर मला जपान्यांचे वाटते. तिथे धनुष्याची लांबी तिरंदाजाच्या खेचीवरून ठरते. नेहमीचे यूमी, म्हणजे जपानी धनुष्य, सुमारे २२१ सेंटीमीटरचे. हात लांब असतील तर दोन सुन (एक सुन म्हणजे सुमारे तीन सेंटीमीटर) वाढवून २२७चे, त्याहून लांब असतील तर चार सुन वाढवून २३३चे. खेच कानामागे जाते, तरी धनुष्य कुरकुरत नाही.

मग पारंपरिक रिकर्व्ह इतके आखूड कसे झाले? ते घडले अमेरिकेत, फायबरग्लासमुळे. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्याच्या यंत्रशास्त्राचा अभ्यास करून चपट्या, आयताकृती छेदाच्या लिम्बचा पुरस्कार केला. १९३३ साली डेट्रॉइटमध्ये धंदा सुरू करून पुढे मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला गेलेल्या फ्रेड बेअर यांनी लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेली धनुष्ये कारखान्यात काढायला सुरुवात केली. आता मोडण्याची भीती उरली नाही, आणि गिऱ्हाईक होते झाडीत दबा धरून बसणारा शिकारी. त्याला आखूड धनुष्य हवे होते. ‘सुपर कोडियाक’ ६० इंचांचे, तर ‘कोडियाक मॅग्नम’ फक्त ५२ इंचांचे. पारंपरिक रिकर्व्ह म्हटले की आज जो आकार डोळ्यांसमोर येतो तो याच काळाचा आहे. परंपरा म्हणाल तर जेमतेम ७० वर्षांची.

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी ५२ वर्षांनी परतली. त्या सुमारास सुटे करता येणारे धनुष्य मैदानावर आले आणि एकाच मुठीला वेगवेगळ्या लांबीचे लिम्ब लावण्याची सोय झाली. पुढे मूठ आणि लिम्ब जोडायची आयएलएफ ही सामाईक जोडणी रूढ झाल्यावर एका कंपनीची मूठ आणि दुसरीचे लिम्बही चालू लागले. २५ इंचांच्या मुठीला मध्यम लिम्ब लावले की ६८ इंच, लांब लावले की ७०. २७ इंचांच्या मुठीला लांब लावले तर ७२.

लांब हातांच्या माणसाला ही सोय मोठीच. एकसंध लाकडी धनुष्याचा हट्ट असेल, तर ३० इंचांच्या पुढच्या खेचीला ६४ इंचांखाली उतरू नये असे माझे मत. ६२ इंचांचे धनुष्य ३० इंच येतेही, पण बोटे तक्रार करतात. आधी खेचही नीट मोजावी. कोपर किंचित वाकवून ओठांच्या कोपऱ्याशी दोरी आणणाऱ्याची खेच ऑलिंपिक पद्धतीपेक्षा बरेचदा इंचभर कमी भरते.

अलीकडे टोके खूपच पुढे वळवलेले ‘सुपर रिकर्व्ह’ लिम्बही निघाले आहेत. स्कॉटलंडची बॉर्डर आणि फ्रान्सची उखा ही त्यातली ठळक नावे. स्टॅकिंग त्यांत बरेच लांबणीवर पडते. शिंगाच्या धनुष्यातल्या कानांचेच काम, फक्त कार्बनमध्ये. दोरी चढवताना मात्र असले लिम्ब पिळू नयेत म्हणून स्ट्रिंगर (दोरी चढवायला वापरायची मदतीची दोरी) वापरावाच लागतो. पायात अडकवून चढवायचा जुना प्रकार इथे चालत नाही.